रशिदा मॅडमची इर्जिक

आधीच सांगते, मी तोंडाची फटकळ आहे. मावळात कान्हे गावच्या आमच्या शाळेत माझं अख्खं आयुष्य मराठी शिकवण्यात गेलं, आणि फटकळपणाशिवाय ते काम होत नाही. रशिदा शेख आमच्याकडे खेळाची शिक्षिका म्हणून आली, त्या दिवशी तिच्या खांद्यावरची ती लांबलचक पिशवी बघून मी स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत विचारलं, "काय गं, इंद्रायणीत मासे धरायला निघालीस का?"

ती हसली. पिशवीची चेन उघडून तिने एक बारीक, लवलवती तलवार काढली, माझ्या तपासायच्या वह्यांच्या गठ्ठ्यावर ठेवली आणि म्हणाली, "बाई, तुमच्या वर्गातली सगळ्यात वांड पोरं मला द्या. बघा काय करते."

वांड पोरांना आमच्याकडे काय तोटा. मी आनंदाने दिली.

तलवारबाजी म्हटलं की आमच्या लोकांना मिरवणूक आठवते. ही ती नव्हे. ही चालते एका अरुंद पट्टीवर. अंगात जाड पांढरं जाकीट, तोंडावर जाळीचा मुखवटा, आणि तलवारीच्या टोकाला बटण. टोक समोरच्याच्या अंगाला टेकलं की पेटीवर दिवा लागतो आणि गुण मिळतो. पोरं इतकी भोसकाभोसकी करायची की जाकिटं आठवड्याला उसवायची. ती शिवून द्यायचे रशिदाचे वडील, महंमदभाई. कामशेतच्या बाजारपेठेत त्यांचं गादी-उशांचं दुकान आहे. प्रत्येक वेळी दोरा ओवताना ते म्हणायचे, "एवढं टोचून घ्यायचं तर सरळ गादीच बांधा की अंगाला."

रशिदा स्वतः शाळेत असताना महाराष्ट्राच्या संघातून राष्ट्रीय स्पर्धा खेळली होती. बारावी झाली. चारचौघींसारखा तिने अर्ज भरला आणि मिळेल त्या कॉलेजात गेली. तिथे मैदानच नव्हतं, तर तलवार कुठली. पुढे केव्हातरी तिला कळलं, की जिला ती दर स्पर्धेत हरवायची ती मुलगी खेळाच्या जागेवर पुण्यातल्या नामांकित कॉलेजात शिकतेय, होस्टेलला राहतेय आणि अजून खेळतेय.

"माझी प्रमाणपत्रं तिच्यापेक्षा मोठी होती, बाई," ती मला एकदा म्हणाली. "अब्बांनी ती गादीखाली ठेवली होती, चुरगळू नयेत म्हणून. ती कुठे दाखवायची असतात हे आमच्या घरात कुणाला ठाऊक होतं?"

हे सांगताना ती रडली वगैरे नाही. ती चिडली होती. आजही चिडलेली आहे, आणि त्या चिडीवरच तिचं सगळं चाललंय. 'माहीत नव्हतं' हे कारण तिच्या कुठल्याही पोराने आयुष्यात सांगायचं नाही, एवढा एकच नियम तिने केला.

म्हणून पोरं बारावीला आली की ती त्यांचे कॉलेजचे अर्ज हातात घ्यायची. अर्ज म्हणजे नाव-गाव-मार्क नव्हे. खेळाडूच्या अर्जाला प्रमाणपत्रं लागतात, लढतींचं चित्रण लागतं, स्वतःबद्दल निबंध लागतो, मुलाखत द्यावी लागते. एकट्या पोराला हे झेपत नाही, आणि आमच्याकडच्या आईबापांना तर नाहीच नाही. मग रशिदाने काय करावं, तर आंदर मावळातली इर्जिक उचलली.

भाताच्या लावणीला तिकडे इर्जिक असते. आज सगळ्यांनी मिळून तुझ्या वावरात उतरायचं, उद्या माझ्या. मजुरी कुणी कुणाला देत नाही, जेवण मात्र दणदणीत घालायचं. रशिदाने तेच अर्जांना लावलं. एका रविवारी एका पोराचा अर्ज. बाकीच्यांनी त्याच्या घरी जमायचं. कुणी चित्रण जोडायचं, कुणी कागद लावायचे, कुणी खोटा साहेब होऊन मुलाखत घ्यायची. पुढच्या रविवारी दुसऱ्याचं घर.

मला यात घ्या असं मी काही म्हटलं नव्हतं. एका रविवारी सकाळी ती दारात उभी.

"बाई, निबंध तपासायचाय."

"आज रविवार आहे."

"मटण आहे."

गेले मग. आणि जात राहिले. दोन वर्षांत तिची पोरं पुण्यातल्या चांगल्या कॉलेजांत खेळाच्या जागांवर लागली. एरवी ती वडगावच्या नाक्यावर टवाळक्या करत बसली असती, हे मी लिहून देते.

आता प्रेरणाची गोष्ट सांगते, कारण रशिदा काय चीज आहे ते मला तेव्हा कळलं.

प्रेरणा टाकव्याच्याही पुढची, आंदर मावळातल्या एका वाडीवरची. सकाळची एसटी चुकली की टाकव्यापर्यंत चालत यायची आणि वर प्रार्थनेला वेळेत हजर. वडील आदिनाथ, भातशेती करून दुधाचा टेम्पो चालवणारे. आजोबा दत्तोबा, तरुणपणी जत्रेतल्या कुस्त्या मारलेले, आणि त्या कुस्त्या अजून तोंडपाठ असलेले. पोरगी उंच, डावखुरी, अबोल. तलवार हातात घेतली की मात्र समोरच्याला पळता भुई थोडी.

पुण्याजवळच्या एका मोठ्या खाजगी विद्यापीठात तलवारबाजीसाठी एक जागा होती. एकच. फी, राहणं, जेवण सगळं त्यांचं, आणि शिकवायला नावाजलेल्या जुन्या खेळाडू. ती जागा मिळाली तर प्रेरणाचं शिक्षणही होणार होतं आणि खेळही. नाही मिळाली, तर आदिनाथभाऊंनी एका कंपनीत तिच्यासाठी पॅकिंगच्या कामाचा शब्द टाकून ठेवला होता. परीक्षा संपली की तलवार खुंटीला. पोरीला हे माहीत होतं, आम्हालाही माहीत होतं.

त्या जागेसाठी राष्ट्रीय स्पर्धेचं प्रमाणपत्र हाताशी असतं तर सोन्याहून पिवळं. त्यासाठी राज्य स्पर्धेत पहिल्या चारात यायला हवं होतं. प्रेरणा त्या चारात जायला एका लढतीवर येऊन ठेपली. मीही गेले होते बघायला. आदिनाथभाऊ टेम्पो दुसऱ्याच्या ताब्यात देऊन आले होते आणि फोन दोन्ही हातांत धरून पहिल्यापासून चित्रण करत होते.

चौदा-चौदा झाले. आता ज्याचा गुण त्याची लढत. प्रेरणा खाली झुकली आणि समोरच्या मुलीच्या पायावर तिने वार केला. दिवा लागला. पंचांनी हात तिच्या बाजूने उचलला. आमची पोरं उड्या मारायला लागली, मीसुद्धा, माझ्या वयाला न शोभेलशा.

तिकडे प्रेरणाने मुखवटा वर सरकवला आणि मोकळा उजवा हात वर केला.

"सर, तिच्या पायाला नाही लागलं," ती म्हणाली. "माझं टोक जमिनीला लागलं."

ती नुसती रबराची पट्टी होती, मोठ्या स्पर्धांतल्यासारखी धातूची नव्हे. टोक जमिनीला लागलं तरी दिवा लागायचा. पंचांना ते दिसलं नव्हतं, समोरच्या मुलीलाही कळलं नव्हतं. आणि त्या शांत झालेल्या हॉलमध्ये आदिनाथभाऊंचा आवाज घुमला, "हात खाली घे. प्रेरणा, हात खाली घे!"

तिने घेतला नाही. पंचांनी गुण काढला, लढत पुन्हा सुरू झाली, आणि पुढचा गुण त्या दुसऱ्या मुलीने घेतला. संपलं.

परतताना सगळे एकाच गाडीत होतो. मी आतून उकळत होते. हातातोंडाशी आलेला घास असा कुणी टाकतं का, असं माझ्या अगदी ओठावर होतं. रशिदाने डबा उघडून प्रेरणापुढे धरला. "जेव," ती म्हणाली. आणि पोरीने पहिला घास घेतल्यावर, "बरोबर केलंस. उद्यापासून पायावरचा वार नीट करायचा." एवढंच.

वाडीवर मात्र पोरीला नको जीव झाला. आयती जिंकलेली लढत घालवून आली म्हणून जो तो टोमणे मारायचा. आदिनाथभाऊ तिच्याशी बोलेनासे झाले. दत्तोबांना तर कुणी धड सांगितलंच नाही, पोरगी हरली एवढंच कळवलं.

जानेवारीत प्रेरणाच्या अर्जाची इर्जिक तिच्या अंगणात भरली. आणि इथे आम्ही माती खाल्ली.

पोरांना तिची फार दया आली होती. राष्ट्रीय प्रमाणपत्र नाही ना, मग ती उणीव आपण भरून काढू, असं प्रत्येकाने ठरवलं. एकाने तिच्या सत्कारांचे फोटो गोळा केले. शाल-नारळ घेताना सरपंचांबरोबर, पतसंस्थेच्या अध्यक्षांबरोबर, गणेश मंडळाबरोबर. आमच्याकडे जिल्ह्यात तिसरी आली तरी पोरीला नारळ मिळतो, त्यामुळे फोटो भरपूर होते. मोईन म्हणून कामशेतचा पोरगा आहे, प्रेरणाच्याच बरोबर खेळणारा. त्याने तिच्या लढतींचे तुकडे जोडून चित्रफीत केली. त्यात ढोल-ताशा, धूर, पेटलेल्या अक्षरांत 'मावळची वाघीण', आणि दर गुणाला वाघाची डरकाळी. निबंध प्रेरणाने फोनमधून उतरवून आणला होता, तो मी फाडला. पण त्या जागी माझीच चार वाक्यं घातली. छान होती हो वाक्यं, मी काही खोटं सांगत नाही.

रशिदाचा चेहरा काही ठीक दिसत नव्हता. पण इर्जिकीत आलेल्या माणसाला नको म्हणायची रीत नाही. ज्याने हात लावला त्याचं काम ठेवायचं. तिने अर्ज तसाच धाडला.

थोड्याच दिवसांत उत्तर आलं. रशिदाने ते सरावाच्या हॉलमध्ये सगळ्यांपुढे वाचलं. सत्काराचे फोटो पाहिले, अभिनंदन, पण यात आम्हाला खेळाडू दिसली नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. एका पूर्ण लढतीचं चित्रण हवं, काटछाट नको, आवाजासकट हवं. आणि त्या लढतीबद्दल मुलीने स्वतःच्या शब्दांत एक पान लिहावं. मुदत एक आठवडा.

"मॅडम," मोईन हळूच म्हणाला, "डरकाळी काढू का?"

कुणाला हसू आलं नाही. रशिदाने फोन खाली ठेवला. "चूक माझी," ती म्हणाली. "लावणीला सगळ्यांनी एकच रोप लावायचं असतं. आपण प्रत्येकाने आपापलं लावलं."

आता पूर्ण लढतीचं चित्रण आणायचं कुठून? पोरांच्या फोनमध्ये जागा नसते, ती फक्त जिंकलेले गुण टिपतात. सगळे फोन धुंडाळले. पहिल्या नमस्कारापासून शेवटच्या हस्तांदोलनापर्यंत अखंड अशी एकच लढत होती, ती आदिनाथभाऊंच्या फोनमध्ये. तीच.

रशिदाने त्यांना फोन लावला. तिकडून उत्तर मलाही ऐकू आलं. "मॅडम, हरलेली कुस्ती कुनी भिंतीवर लावतं का? आन त्यात माझा आवाज हाय. मी न्हाई देनार."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर रशिदा आणि मी एसटीने वाडीवर गेलो. आदिनाथभाऊंनी पाणी दिलं, चहा दिला, आणि तोंड वळवून बसले. प्रेरणा चुलीपाशी उभी. ओट्यावर दत्तोबा गोधडी पांघरून बसले होते. रशिदा त्यांच्याजवळ जाऊन टेकली.

"आबा, नातीची लढत बघितलीत का तुम्ही?"

"न्हाई बा. हरली म्हनं."

"बघायचीय?"

"मॅडम, त्यांना कशाला," आदिनाथभाऊ उठले.

"दे हिकडं," दत्तोबा म्हणाले. म्हातारा बसल्या जागेवरून एवढंच बोलला, पण मुलाने मुकाट्याने फोन आणून दिला.

दत्तोबांनी फोन डोळ्यांजवळ धरला. हा दिवा कशाचा, तो हात कशापायी, असं विचारत राहिले आणि रशिदा सांगत राहिली. थोड्या वेळाने विचारायचे थांबले. प्रेरणाने गुण घेतला की त्यांचा खांदा आपोआप पुढे जायचा. मग तो शेवटचा वार आला, दिवा लागला, आणि फोनमधल्या प्रेरणाने हात वर केला. पाठोपाठ तो आवाज, "हात खाली घे."

"ह्यो तू?" दत्तोबांनी विचारलं.

"व्हय," आदिनाथभाऊ म्हणाले. जमिनीकडे बघून.

"परत लाव."

रशिदाने शेवटचा भाग पुन्हा लावला. दत्तोबांनी तो पाहिला आणि फोन मांडीवर ठेवला.

"आखाड्यात पाठ टेकली का न्हाई, ते पंचाच्या आधी गड्याला कळतं," ते म्हणाले. "गड्यानं गप बसायचं, आन पंचानं दिली तर जिंकायची, ही आमची रीत. म्या बी एकदा गप बसलो हुतो. नारळ घिऊन घरी आलो, पर त्यो नारळ काय मला ग्वाड लागला न्हाई." मग त्यांनी चुलीकडे मान वळवली. "पोरी, हिकडं ये."

प्रेरणा आली. त्यांनी तिच्या उजव्या हाताचं मनगट धरलं आणि नुसतं धरून ठेवलं.

"हीच धाडा," ते रशिदाला म्हणाले.

"आबा, त्यात मी वरडतोय," आदिनाथभाऊ म्हणाले.

"मग? बापच वरडतो. ऐकू दे की त्यांना बी."

मी डोळे पुसले. लपवून नाही, चांगले पदराने पुसले. परत येताना एसटीत रशिदा म्हणाली, "अनिताबाई, या वेळी निबंधात तुमचं एकही वाक्य नको."

"का, वाईट होती का माझी वाक्यं?"

"चांगली होती. म्हणूनच नको."

दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर मी आठवडाभर अबोला धरला असता. तिला म्हटलं, बरं.

त्या रविवारी पुन्हा इर्जिक झाली, पण उलटी. प्रेरणाच्या अर्जाला कुणी हात लावायचा नाही, तिच्या घरच्या कामाला लावायचा, असं रशिदाने बजावलं. पोरगी एरवी सुट्टीच्या दिवशी पाणी आणायची, शेण काढायची, गुरं चारायची, लिहिणार कधी? मग पाणी पोरांनी भरलं. मोईन म्हैस घेऊन माळावर गेला. खरं तर म्हैसच त्याला घेऊन गेली, त्याला परत आणायला दोघं धावली. रशिदाने गोठा झाडला. मी गोवऱ्या थापल्या. लहानपणानंतर पहिल्यांदाच, आणि बऱ्या जमल्या. प्रेरणा ओट्यावर एकटी बसून लिहीत होती, आणि दत्तोबा तिच्याकडे कुणाला फिरकू देत नव्हते.

दुपारी तिने पान आणून दिलं. मी लाल पेन काढलं होतं, ते परत पर्समध्ये ठेवलं. तिने लिहिलं होतं, 'टोक जमिनीला लागलं की हाताला वेगळं कळतं. अंगाला लागलं की ते मऊ थांबतं, जमिनीला लागलं की कडक थांबतं. मला कडक लागलं, म्हणून मी हात वर केला. बाबा ओरडले. बाबांचा राग बरोबर होता, कारण ते टेम्पो दुसऱ्याला देऊन माझ्यासाठी आले होते. माझा हातपण बरोबर होता.' पुढे आपण लढत कुठे चुकलो, पाय उशिरा कसा उचलला, ते सगळं. शब्द तिचे, आणि एकही जास्तीचा नाही. इंग्रजीत तिचं तिनेच केलं. मग ते पान आणि ती लढत, आवाजासकट, रशिदाने पाठवली.

मार्चमध्ये बोलावणं आलं. चाचणी आणि मुलाखत. प्रेरणा, रशिदा, आदिनाथभाऊ आणि मी असे चौघं गेलो. ते सभागृह बघून माझी तर मानच दुखली. आदिनाथभाऊ दाराजवळच्या बाकावर पिवळी पिशवी मांडीवर घेऊन बसले, कुणी उठवेल की काय अशा धास्तीने.

त्यांनी प्रेरणाला त्यांच्याच एका मुलीशी लढायला लावलं. पाच गुणांची लढत. पहिले दोन गुण धडाधड गेले. मी रशिदाचा दंड घट्ट धरला. "बाई, सोडा, दुखतंय," ती म्हणाली, पण नजर पट्टीवरच. तिसऱ्या वेळी प्रेरणा मागे मागे गेली, ती मुलगी भरात पुढे आली, आणि प्रेरणाने खाली झुकून तिच्या पायावर वार केला. दिवा लागला. ती जुनी लढत पाहिलेल्या सगळ्यांची नजर प्रेरणाच्या उजव्या हाताकडे गेली, माझीही. हात जागेवरच होता. स्वच्छ पायावर लागला होता वार. तिथून पोरीने मागे वळून पाहिलं नाही. पाच-तीन.

मुलाखत तिथेच पट्टीच्या कडेला झाली. विचारणाऱ्या बाई प्रशिक्षक होत्या, पांढरे केस बारीक कापलेल्या.

"त्या लढतीत तू हात वर केलास," त्या म्हणाल्या. "पुन्हा तशी वेळ आली तर?"

"पुन्हा करीन."

"हरलीस तरी?"

"हो मॅडम. पण आता मी टोक जमिनीला लागू देत नाही. रशिदा मॅडमनी तेव्हापासून रोज पायावरचाच वार करून घेतलाय. मला स्वप्नातपण पायच दिसतात."

बाई हसल्या. "आणि ते ओरडतायत ते कोण?"

"माझे बाबा. ते तिथे बसलेत."

आदिनाथभाऊ पिशवीसकट उभे राहिले. आता हे काय बोलतात म्हणून मी देवाचं नाव घेतलं.

"मीच त्यो," ते म्हणाले. "मॅडम, मला दिवा दिसला. तिला टोक कळलं. मी लांब हुतो."

"बसा ना," बाई म्हणाल्या, अगदी घरच्या माणसाला म्हणावं तसं.

जागा प्रेरणाला मिळाली.

बातमी आली तेव्हा मी वर्गात होते. खालून रशिदाची अशी आरोळी आली की मला वाटलं साप निघाला. ही बाई कधी आवाज चढवत नाही. सगळा वर्ग जिन्यावरून खाली पळाला, पाठोपाठ मी. ती हॉलच्या मधोमध उभी राहून फोन दाखवत होती. वाडीला फोन लागेना, तिकडे कुठली रेंज. मग रिक्षा करून निघालो, तर टाकव्याच्या नाक्यावर समोरून आदिनाथभाऊंचा टेम्पो. रशिदाने रिक्षातून अर्धं अंग बाहेर काढून हात हलवला. त्यांनी टेम्पो रस्त्यात आडवा घातला, उतरले, ऐकलं, आणि परत टेम्पोत चढून नुसता हॉर्न वाजवत बसले. दोन्ही बाजूंना गाड्या तुंबल्या. कुणी शिव्या द्यायला आला की त्याला खाली वाकून सांगायचे, "माजी पोरगी लागली." मग तोही हॉर्न वाजवायचा. टाकव्यात त्या दिवशी लग्नाची वरात वाटावी असा दंगा होता.

वाघिणीच्या त्या प्रकरणानंतर रशिदाने सगळ्यांना दम दिला होता, फ्लेक्सचं नाव काढायचं नाही म्हणून. पण मे सरता सरता एक दिवस मीच तिला ओढत टाकव्याच्या फाट्यावर नेलं, कारण ते दुसऱ्या कुणाकडून ऐकण्यापेक्षा तिने बघावं असं मला वाटलं.

भला मोठा फ्लेक्स होता. आदिनाथभाऊंनी लावलेला. वाघ नाही, ज्वाळा नाहीत, नारळ नाही. त्यांच्याच फोनमधल्या चित्रणातून काढलेला फोटो. मुखवटा वर सरकवलेली प्रेरणा, आणि उजवा हात वर. 'हात खाली घे' म्हणून सगळा हॉल हादरवणाऱ्या माणसाने तो हात माणसापेक्षा उंच करून भर रस्त्यात लावला होता. आणि खाली, जिथे एरवी पुढाऱ्यांच्या मुंडक्यांची रांग असते, तिथे एकच गोल. त्यात रशिदा. शाळेच्या ओळखपत्रावरचा जुना फोटो, डोळे अर्धे मिटलेले.

ती बघत राहिली. एसटी आली, माणसं उतरली, तीही बघायला लागली.

"बाई," शेवटी ती म्हणाली, "किती वाईट फोटो आहे माझा." आणि रडायला लागली. इतक्या वर्षांत मी तिला पहिल्यांदा रडताना पाहत होते. मी गप्प उभी राहिले, मलाही जमतं ते कधीकधी.

पावसाच्या आधी फ्लेक्स उतरवायचा होता. महंमदभाई स्वतः आले, आदिनाथभाऊंना सांगून तो नीट उतरवून घेतला, सुरकुती पडू न देता गुंडाळला. मी म्हटलं, "महंमदभाई, घरी नेताय ना? जपून ठेवा."

"घरी कशाला," ते म्हणाले. "घरी नेला तर परत गादीखालीच जाईल. दुकानात लावतो."

कामशेतला गादी घ्यायला गेलात तर बघून या, शिरल्या शिरल्या समोरच्या भिंतीवर आहे.